बगळ्याच्या मानेची सतरा समीकरणं

यातला शब्द न् शब्द खरा आहे! मुद्दाम मोठ्याने सांगते, पलीकडच्या खोलीतही ऐकू जाऊ दे. एक अक्षर जरी खोटं निघालं तरी माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता मांडीवर पडोत. पडले का? नाही ना? मग गप्प बसा आणि ऐका.

एक मुलगी होती. इतकी किडकिडीत, की बाजूने वळून उभी राहिली तर हजेरी घेताना बाई तिला गैरहजर लावायच्या. सगळे तिला टाचणी म्हणायचे. त्यात आई शिवणकाम करायची, म्हणजे ते नाव तिला दोन्ही बाजूंनी बसलं. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत जेवण आणि झोप, पुढच्या खोलीत कापायचं लांब टेबल, शिलाई मशीन, आणि भिंतभर खिळ्यांवर टांगलेले खाकी कागदाचे साचे. बाह्या, पाठी, गळे, कॉलर. आईच्या ओठांत दिवसभर टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे ती बोलायची कमी, आणि जे बोलायची ते दातांच्या फटीतून. पण तिच्या कात्रीला मात्र कुणी नावं ठेवली नाहीत. डोळे मिटून पाठ कापायची बाई.

तर टाचणीच्या वर्गात गणिताच्या बाईंनी एक प्रकल्प दिला. तीन-तीन मुलींचा गट करायचा आणि एक चित्र काढायचं, पण हाताने एक रेघ मारायची नाही. चित्रातली प्रत्येक रेघ समीकरणातून यायला हवी. आधी समीकरण लिहायचं, मग एक-एक आकडा घालून बिंदू काढायचे, मग ते चौकटीच्या कागदावर मांडून जोडायचे. सरळ रेघेला सरळ समीकरण, वळणाला वाकडं. आणि रेघ कुठे सुरू होते, कुठे थांबते तेही लिहून ठेवायचं, नाहीतर ती आपली कागदाबाहेर चालत सुटते.

"आणि शेवटी," बाई म्हणाल्या, "प्रत्येकीने वेगळं एक पान लिहायचं. काय केलं, काय शिकलात, कुठे चुकलं. मी ते पान चित्राइतकंच बघणार आहे."

पुढचं वाक्य त्यांनी फळा पुसता पुसता टाकलं, पण वर्ग एकदम गार पडला. पुढच्या वर्षी वरच्या गणिताचा वेगळा वर्ग निघणार होता. जागा थोड्या. प्रत्येक गटातून एकच मुलगी घेणार.

टाचणीच्या गटातली पहिली म्हणजे मुकादम. दातांच्या डॉक्टरांची मुलगी. बापाला जशी "आ करा" म्हणायची सवय, तशी हिला "मिटा" म्हणायची. काम वाटून द्यायला तिच्यासारखी दुसरी नाही, अर्थात स्वतःच्या वाट्याला सोपं ठेवून.

दुसरी गोगलगाय. पोस्टमनची मुलगी. हळू बोलायची, हळू लिहायची, विचारलं तर उत्तर द्यायला इतका वेळ लावायची की तोवर विचारणारा प्रश्न विसरायचा. मुली हसायच्या. पण लहानपणापासून बापाबरोबर टपाल वाटत फिरल्यामुळे गावातला बोळ न् बोळ तिला पाठ होता, आणि तिच्या वहीच्या मागच्या पानांवर त्या बोळांचे नकाशे असायचे. दारं, वळणं, कुठे कुत्रं बांधलेलं असतं ते सगळं. तिला मोजणी खात्यात जायचं होतं, नकाशे काढायला. तिथे वरचं गणित नसलेल्याला दारातही उभं करत नाहीत. हे तिने टाचणीला एकदाच सांगितलं होतं, जिना उतरताना, आणि मग असं बघितलं होतं जणू काही चोरी कबूल केली.

चित्र ठरलं बगळ्याचं. मुकादमने साध्या कागदावर वीतभर बगळा रेखाटला आणि हुकूम सोडले. "पाय आणि पाणी माझं. सरळ रेघा आहेत, पटकन होतील. धड आणि पंख टाचणीचे. मान आणि डोकं गोगलगायीचं. प्रत्येकीने आपापल्या घरी करायचं, शनिवारी आणून जोडायचं. मान नागमोडी आहे गं, जमेल ना तुला? का पुढच्या जन्मी आणतेस?"

"जमेल," गोगलगाय म्हणाली. जरा वेळाने.

आता टाचणीची खरी पंचाईत झाली. वीतभर बगळ्याचं धड मोठ्या कागदावर न्यायचं म्हणजे प्रत्येक बिंदू चौपट करायचा, आणि तिला कंटाळा. तिने ते रेखाटन आईपुढे ठेवलं. "आई, हे चौपट मोठं करून दे ना. धडच फक्त. साचा काढतेस तसं."

आईने टाचण्या न काढताच मान हलवली. माप घेतलं, खाकी कागद पसरला, खडूने आखलं, कात्री चालवली. अर्ध्या तासात बगळ्याचं धड तयार, पाठीची गोलाई अशी की हात फिरवावासा वाटावा. टाचणीने ते चौकटीच्या कागदावर ठेवलं, कडेने पेन्सिल फिरवली, कडेवरचे बिंदू वाचले, आणि त्या बिंदूंना बसतील अशी समीकरणं शोधत बसली. शोधायचं काम मात्र तिने स्वतः केलं हं, ते तिच्या खात्यातून काढायचं नाही. चार दिवस खपली. चौदा समीकरणं. एकेक अशी चपखल, की रेघ खाकी कागदाच्या कडेला चाटून जायची.

शनिवारी तिघींनी आपापले कागद वर्गाच्या जमिनीवर ठेवून जोडले. पाय धडात जरा आत शिरत होते. मुकादमने खोडरबर घेतलं, "रेघ जरा आधी थांबवली की झालं," म्हणत पायांच्या सीमा बदलल्या, संपलं. पण मान! मान धडाला भेटेचना. वरून चौकटीचं दीड घर कमी, खालून दीड घर कमी. रुंद खांद्यातून बारीक मान अशी निघालेली, जशी मोठ्या माणसाच्या कोटातून पोराची मुंडी.

"झालं!" मुकादम ओरडली. "मला माहीतच होतं. सतरा समीकरणं आणि एकही धड नाही. अगं, धडाकडे बघ कसं देखणं बसलंय, आणि तुझी ही मान म्हणजे भोपळ्याला लावलेली दोरी!"

आजूबाजूच्या गटांतल्या मुली उठून बघायला आल्या. गोगलगाय गुडघ्यांवर बसून नुसती त्या जोडाकडे बघत राहिली. मग वही उघडून काहीतरी लिहायला लागली. टाचणीलाही वाटलं, मानच चुकली असणार. गोगलगायीचं काही चुकलं तर कुणाला नवल वाटायचं नाही, तसं तिलाही वाटलं नाही. तेव्हा टाचणी खरोखर निर्दोष होती. पण ते काही तासच.

संध्याकाळी घरी आई एका झग्याची पाठ कापत होती. आधी मापाची रेघ आखली. मग तिच्या बाहेर, बोटभर अंतर ठेवून, दुसरी. कात्री दुसऱ्या रेघेवरून चालली. टाचणीने हे हजारदा पाहिलं होतं. शिवणीसाठी कडेने जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. ती सोडली नाही तर कपडा शिवल्यावर अंगात शिरत नाही. टाचणीच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तिथेच राहिला. बोटभर म्हणजे दीड घर. आईने बगळ्यालाही माया सोडली होती.

तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. रात्रभर तिने ठरवलं, सोमवारी जाऊन सांगायचं. सोमवारी वर्गात शिरली तर बाई तिच्या धडापाशी उभ्या. "ही चौदाच्या चौदा मी तपासली. इतकं स्वच्छ काम या वर्गात दुसरं नाही," असं म्हणाल्या. सगळ्यांसमोर. टाचणीला आजवर कुणी सगळ्यांसमोर काही चांगलं म्हटलं नव्हतं. तोंडात आलेलं वाक्य तिने गिळलं.

"मी मान पुन्हा करते," गोगलगाय म्हणाली, आणि टाचणीकडे बघितलं.

टाचणी वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती.

आठ दिवस गोगलगाय मधल्या सुट्टीत जेवली नाही. नागमोडी मान म्हणजे वाकड्या तुकड्यांची साखळी. एक तुकडा रुंद केला की शेजारचा सुटतो, तो ओढला की तिसरा. सतराची सतरा समीकरणं तिने खोडली आणि नव्याने मांडली. बरोबर असलेली सतरा समीकरणं, बसून, एकेक करून, चुकीची केली. टाचणी दोन बाकं सोडून बसायची आणि तिच्या खोडरबराचा आवाज तिला फळ्यावरच्या खडूपेक्षा मोठा ऐकू यायचा.

अखेर मान जुळली. बगळा उभा राहिला, दारापेक्षा उंच, भिंतीला लावायला आणताना त्याला झोपवून आणावं लागलं. जोड कुठे दिसत नव्हता. पण पक्षी मात्र भलताच गलेलठ्ठ झालेला. "बगळ्याला गालगुंड झालंय गं!" शेजारच्या गटातली म्हणाली. आणि ऐका, त्याच दिवशी शाळेच्या खिडकीत एक खरा बगळा येऊन बसला. एक पाय वर. भिंतीवरच्याकडे डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि अपमान झाल्यासारखा उडून गेला. सगळ्या वर्गाने पाहिलंय. विचारा कुणालाही.

मग ते पान लिहायचं आलं. टाचणीने तीन दिवस लावले. शेवटी लिहिलं: "सुरुवातीला मानेचा भाग धडाशी जुळत नव्हता. नंतर तो दुरुस्त करण्यात आला. या प्रकल्पातून सहकार्याचं महत्त्व कळलं." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी बाईंच्या टेबलावर ठेवताना तिने ते पान उलटं ठेवलं.

शनिवारी दुपारी चित्रं बघायला घरचे लोक आले. टाचणीची आई आली कामातून उठून, बोटांना खडू तसाच. बाई तिला बगळ्यापाशी घेऊन गेल्या.

"धड तुमच्या मुलीचं. मान पोस्टमनच्या मुलीची, तिने ती नव्याने काढली. या गटातून तिचंच नाव देतेय. सोमवारी यादी मुख्याध्यापिकाबाईंकडे सहीला जाईल."

"हो का," आई म्हणाली. तिने हात पुढे करून बगळ्याच्या पाठीवर बोट आडवं ठेवलं. मग पोटाखाली ठेवलं. मग मानेच्या जोडावर. टाचणी बघत होती. आईचं बोट जिथे जिथे टेकलं तिथे तिथे तिच्या स्वतःच्या पाठीला चटका बसल्यासारखं झालं.

घरी येऊन आईने खिळ्यावरचा खाकी बगळा काढला, टेबलावर पसरला, आणि कडेपासून बोटभर आत खडूची रेघ ओढली, सगळीकडून.

"ही तुमची रेघ होती," ती म्हणाली. या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या. "मी तिच्या बाहेरून कापलं. माझ्या हाताला दुसरं कापताच येत नाही. तुला कधी कळलं?"

"जोडलं त्याच दिवशी."

"म्हणजे त्या पोस्टमनच्या पोरीने मान नव्याने काढली तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

आईने खडू टेबलावर ठेवला. "कापण्यातली चूक माझी. ती मी जाऊन बाईंना सांगते, मला त्याची काही लाज नाही. गप्प बसलीस ती तू. ते मी कसं सांगू?"

"आई, जागा एकच आहे गं."

"ऐकलं मी."

"बाई म्हणाल्या, माझ्याइतकं स्वच्छ काम..."

"तेही ऐकलं." आईने खाकी बगळ्याची घडी घातली. "उसवायचं का तसंच अंगात घालून फिरायचं, तुझं तू बघ. मला झगा द्यायचाय संध्याकाळी." आणि मशीन सुरू केली.

रविवारी सकाळी टाचणी पोस्टमनच्या घरी गेली. दार गोगलगायीनेच उघडलं. आत टेबलावर तिची वही उघडी होती, नेहमीसारखे बोळ काढलेले. टाचणीने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आईचा साचा, माया, दीड घर, बुटाची नाडी. एका दमात, जशी पोरं औषध पितात.

गोगलगायीने वहीची मागची पानं उलटली आणि एक पान तिच्यापुढे केलं. त्या पहिल्या शनिवारची तारीख होती. खाली बारीक अक्षरात: धडाच्या वरच्या रेघा दीडने वर. खालच्या दीडने खाली. सगळीकडे सारखंच. त्याच्यापुढे लिहिलं होतं, "टाचणीला विचारायचं." त्यावर नंतर काट मारलेली.

"म्हणजे तुला..."

"जमिनीवर बसूनच मोजलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

गोगलगायीने नेहमीसारखा वेळ घेतला. "मी बोलले असते तर मुकादमने ऐकलं असतं? कुणी ऐकलं असतं? तू म्हणाली असतीस तर ऐकलं असतं. सोमवारी तुझ्याकडे बघितलं होतं मी."

"तेव्हा मला माहीत होतं."

"ते दिसलं मला," गोगलगाय म्हणाली. "म्हणून तर काट मारली."

आतून तिच्या वडिलांनी विचारलं, "कोण आलंय गं?" ती म्हणाली, "वर्गातली एक मुलगी." टाचणीला ते सगळ्यात जास्त लागलं. मैत्रीण म्हणेल असं तिला का वाटलं होतं कोण जाणे.

सोमवारी ती शाळा भरायच्या आधी बाईंच्या खोलीत गेली. बाईंनी सगळं ऐकलं, गोगलगायीला बोलावलं, जुनी सतरा समीकरणं तिच्या वहीतून मागून घेतली. मग वर्गात आल्या आणि कुणाला काही न सांगता फळ्यावर चौकटी आखायला लागल्या. आधी धड मांडलं, दीड घर आत घेऊन. मग मान. एक बिंदू, दुसरा बिंदू. पूर्ण तास गेला. सतरावी रेघ धडाला जाऊन टेकली तेव्हा मध्ये खडूच्या कणाएवढीही फट नव्हती. बारीक, डौलदार मान. असा बगळा की आता उडेल. गोगलगाय आपल्या बाकावर बसून ते बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले ते कुणीही पुसायला सांगितलं नाही.

बाई हात झटकत टाचणीकडे वळून म्हणाल्या, "मी दोघींची समीकरणं वेगवेगळी तपासली. तुझी तुझ्यापाशी बरोबर, तिची तिच्यापाशी बरोबर. जोडावर मी बघितलंच नाही. ती माझी चूक." मग तिला जवळ बोलावून हळू आवाजात, "जागा एकच आहे. मला दुसरी काढता येणार नाही."

"माहीत आहे, बाई."

"पान पुन्हा लिहून दे. या वेळी प्रत्येक वाक्यात कोण आहे ते असू दे."

टाचणीने तिथेच, बाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिलं. मी साचा कापून घेतला. मी विचारलं नाही. मला कळलं. मी सांगितलं नाही. तिने सतरा समीकरणं बदलली, ती आधीच बरोबर होती. पाच ओळी. यादीतलं तिचं नाव बाईंनी पट्टी लावून सरळ रेघेत खोडलं आणि वर गोगलगायीचं लिहिलं. त्या संध्याकाळी आईने ताटात वाढताना टाचणीला आधी वाढलं, एवढंच.

पुढच्या वर्षी वरच्या गणिताचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरायला लागला. पहिला दिवस संपला तेव्हा टाचणी मुद्दाम जिन्यात थांबली होती. आज काहीतरी बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं, पण काय ते ठरलं नव्हतं. वरून मुली उतरल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी, आपल्या नेहमीच्या चालीने, गोगलगाय. हातात नवी कंपासपेटी. टाचणीने भिंतीला पाठ लावून वाट दिली. गोगलगाय तिच्या पायरीवर आली, क्षणभर थांबली, तिच्याकडे बघून हसली आणि खाली उतरून गेली.

झाली गोष्ट. सगळं खरं.

बरं, असे डोळे वटारून बघू नका. एक गोष्ट मी पदरची घातली, तेवढी कबूल करते. ती थांबली हे खरं. पण हसली नाही. ते हसू मी घातलं.